शेवट अक्का सांगायच्या

ईरा, अन्वय, त्या सिनेमाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही ते फोनवर शोधाल, शेवटचा तुकडा तेवढा बघाल आणि मला कळवाल, "आजी, बघितला." मला ते नको आहे. मागचा सबंध आठवडा मी स्वतःलाच त्या फोनपासून लांब ठेवत होते. नाव टाइप करायचं, पुसायचं. फोन पालथा घालून ठेवायचा आणि पोळ्या लाटता लाटता कणकेच्या हातानं पुन्हा सुलटा करायचा. मन लागेना म्हणून कपाटातल्या सगळ्या साड्या बाहेर काढून रंगांप्रमाणे लावल्या. त्या आधीपासून रंगांप्रमाणेच होत्या.

हे मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, तुम्हाला सोपं जावं म्हणून. नोकरीभर मुलांना इंग्रजी शिकवलं, पण हे काही त्या भाषेत उतरेना. तुमच्या पणजीच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या तोंडी इंग्रजी वाक्य घातलं की मलाच हसू यायचं. तेव्हा मराठीतच लिहिते आहे. अडेल तिथे बाबांना विचारा.

झालं असं की आमच्या महिला मंडळानं जुना सिनेमा बघायला जायचं ठरवलं. हल्ली जुने कृष्णधवल सिनेमे स्वच्छ करून मॉलमधल्या थिएटरांत पुन्हा लावतात. रविवारी दुपारचा खेळ. बस ठरवणं, तिकिटं काढणं, गुडघेवाल्यांना कडेच्या खुर्च्या देणं हे सगळं अर्थातच माझ्याकडे आलं. पण सिनेमा कोणता ते कळलं आणि मी मालतीबाईंना, आमच्या अध्यक्षांना, म्हटलं, "दुसरा एखादा नाही का बघता येणार?"

"का हो? इतका गाजलेला सिनेमा! मी तर कधी पाहिलेलाच नाही."

मी कारण सांगू शकले नाही. ते कारणच समोर पापडीच्या शेंगा मोडत बसलं होतं.

कुसुमआजी तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सुरतला आलात की डबा भरून शेवेची भाजी पाठवते, जी अन्वय नाक पुसत पुसत खातो, ती. आम्ही दोघी तरुण असल्यापासून शेजारी. ती खानदेशातली, अमळनेरकडची. मी तिच्याहून थोडी मोठी. तुम्ही तिला एकटीलाच पाहिलं आहे, आणि तिच्या नवऱ्याबद्दल कधी विचारलं नाहीत, हे तुमच्या आईबाबांचं चांगलं वळण.

त्या रविवारच्या चार दिवस आधी तो तिकडे गावी वारला. त्याच्या पुतण्याचा फोन आला. त्या संध्याकाळी कुसुम माझ्याकडे आली, नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि पंखा लावायला सांगितला. थंडीच्या दिवसांत.

"तेराव्याला बोलावतात," ती म्हणाली. "पुतण्या म्हणतो, काकू, तुम्ही आल्यात तर चार लोकांत बरं दिसेल."

"मग? काय सांगितलंस?"

"रविवारी सिनेमा बघते, मग सांगते त्याला."

"सिनेमाचा काय संबंध गं?"

"अक्कांनी सांगितलेला शेवट खरा असला तर नाही जात. खोटा असला तर जाते."

अकराची गाडी चुकली तर बाराची धरते, अशा सुरात ती हे म्हणाली. मी उठून पंखा बंद केला, पुन्हा लावला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

त्या वेळी आम्ही सुरतेतच, उधन्याला राहायचो. तुम्ही पाहिलेलं हे घर फार पुढचं. तिथे समोरासमोर दोन-दोन खोल्यांची रांग होती, तिला सगळे ओळच म्हणायचे. पलीकडे लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने. दिवसभर खटक खटक असा आवाज यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस त्या आवाजानं झोप लागायची नाही, आणि नंतर तो सुट्टीच्या दिवशी बंद असला की लागायची नाही. वाऱ्याबरोबर ओल्या सुताचा आणि खळीचा वास यायचा. अजून कुठे कांजी शिजताना दिसली की मी त्या ओळीत जाऊन उभी राहते. हातात काय होतं ते विसरते.

तुमचे पणजोबा रेल्वेत होते, आजोबा बँकेत. बाकीच्या घरांतले बाप्ये मिलमध्ये नाहीतर जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यांत. बायका घरी साड्यांना लेस लावायच्या, टिकल्या चिकटवायच्या. मार्केटमधून गठ्ठे यायचे, ओट्यांवर पसरायचे. दुपारी सगळी ओळ चमचम करत असे. आमच्या वरणातसुद्धा टिकल्या निघायच्या. अक्का म्हणायच्या, "खा, पोटात दिवाळी होईल."

आणि महिन्यातून एकदा आम्ही साऱ्याजणी सिनेमाला जायचो. बाराच्या खेळाला रात्रपाळी संपवून आलेल्या बाप्यांची गर्दी, म्हणून तो नाही. सहाचा खेळ म्हणजे स्वयंपाकाची वेळ, म्हणून तोही नाही. राहिला तीनचा. पण तीनच्या खेळाला एक अडचण होती. ओळीच्या टोकाला एकच नळ होता आणि त्याला पाणी यायचं साडेपाचला. आम्ही निघतानाच हंडे-कळश्या रांगेत लावून जायचो. पण पाणी आलं आणि हंड्यामागे बाई नसली की हंडा रांगेबाहेर, हा ओळीचा कायदा. मग सकाळपर्यंत कोरडं घर.

म्हणून आम्ही सिनेमाचा शेवट कधीच बघायचो नाही. सिनेमा ऐन रंगात यायचा, नायिका संकटात असायची, आणि पुढच्या रांगेत अक्का पदर खोचून उभ्या राहायच्या. "चला गं." की आम्ही सगळ्या अंधारात चपला चाचपत, लोकांच्या पायांवर पाय देत, मागून येणाऱ्या शिव्या ऐकत बाहेर. डोळ्यांवर लख्ख ऊन. तोंडात अजून शेंगदाण्याची चव. घाईघाईनं चालताना कोणाच्या तरी कडेवरचं मूल रडत असायचं, त्यालाच तेवढं शेवटाचं दुःख.

वाटेत रेल्वेचं फाटक होतं. ते हटकून बंद असायचं. तिथे आम्ही घामेजून थांबलो की कोणीतरी विचारायचं, "अक्का, पुढे काय?" आणि अक्का शेवट सांगायच्या.

मला अजून ते दिसतं. मालगाडी चाललेली, डबा संपतोय म्हणता म्हणता दुसरा, आणि त्या आवाजाच्या वर आवाज चढवून माझी सासू एका न पाहिलेल्या सिनेमाचा शेवट सांगते आहे. सिनेमा काळा-पांढरा, पण अक्कांच्या शेवटात रंग असायचे. नायिकेला त्या हिरवं लुगडं नेसवायच्या. खलनायकाला वाईट आजार द्यायच्या, त्याचं नावही सांगायच्या. बायका माना डोलवायच्या. कुणाला वाटायचं थिएटरच्या दारावरच्या माणसाला विचारून येतात, कुणाला वाटायचं अक्कांनी तो सिनेमा पूर्वी माहेरी पाहिलाय.

मी तेव्हा नवी. इंग्रजीची पदवी, प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे हवी. एकदा घरी आल्यावर मी विचारलंच, "अक्का, तुम्हाला शेवट कसा कळतो?"

हंड्याला राख लावत होत्या. म्हणाल्या, "मग कोण सांगणार? तू सांग पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी फाटकापाशी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला एक वाक्य सुचलं नाही. गाडी निघून गेली. अक्कांनी चालता चालता तीन वाक्यांत सगळ्यांची लग्नं लावून दिली.

हा सिनेमाही आम्ही असाच पाहिला, तेव्हाही तो जुनाच होता, दुसऱ्यांदा लागलेला. एक शिवणकाम करणारी बाई. नवरा तिला आणि लहान मुलीला सोडून शहरात निघून जातो. ती मशीनवर कपडे शिवून मुलीला वाढवते. वर्षं जातात. मग एका दुपारी दार वाजतं. प्रेक्षकाला कळतं बाहेर कोण आहे, तिलाही कळतं. मशीन थांबतं. दार पुन्हा वाजतं.

"चला गं," अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी कुसुम आमच्याबरोबर होती. पोर कडेवर. तिचा नवरा घर सोडून गेला त्याला बरेच महिने झाले होते. कुठे, कोणाबरोबर, हे ओळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. फाटकापाशी त्या दिवशी कोणी "पुढे काय" असं विचारलंसुद्धा नाही. अक्का आपणहून बोलल्या. गाडीकडे बघत.

"दार वाजत राहिलं. तिनं मशीन सुरू केलं. पोरीच्या परकराची शिवण अर्ध्यावर होती. ती पुरी केली. दोरा तोडला. तोवर दार वाजायचं थांबलं होतं."

"उघडलंच नाही?" कोणीतरी विचारलं.

"नाही उघडलं."

"माय वं," कुसुम म्हणाली. एवढंच. तिनं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

आणि मग चैत्रात तो आला. भर दुपारी. ओट्यावर गठ्ठे पसरलेले, बायकांचे हात थांबलेले. त्यानं कुसुमचं दार वाजवलं. तिच्याकडे मशीन नव्हतं. आतून पाट्यावर वरवंटा ओढल्याचा आवाज यायला लागला. ती लसूण-मिरची वाटत होती. तो दार वाजवायचा, हाक मारायचा, थोडा वेळ थांबायचा. वरवंटा थांबायचा नाही. तिची मुलगी माझ्या घरात खडूनं फरशीवर रेघा ओढत होती. मी तिच्याशी इंग्रजी गाणी म्हणत होते, मोठमोठ्यानं. ओळभर मिरचीचा ठसका पसरला. सगळी ओळ खोकत होती आणि कोणी घरात जात नव्हतं.

मग तो गेला. त्या संध्याकाळी कुसुमची चटणी घरोघरी वाटली गेली, इतकी झाली होती. अक्कांनी ती भाकरीवर घेतली, खाल्ली, आणि डोळ्यांना पाणी आलं तर म्हणाल्या, "तिखट केलीय पोरीनं."

पुढे टीव्ही आले, तो सिनेमा कधीमधी लागायचा. कुसुम असली तर उठून जायची. नसली तरी मी बंद करायचे. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिनं पाहिला नाही तोवर मी तरी कशी बघू, असं काहीसं. अक्का गेल्या. ओळ गेली, तिथे आता गोदामं आहेत. ते थिएटर पाडलं. फाटकावर पूल झाला, खालून गाड्या जातात आणि वरच्यांना पत्ता नसतो. कुसुमची मुलगी शिकून बारडोलीला बँकेत लागली, तिथेच संसार केला. सगळं ठीक झालं होतं. आता कशाला तो शेवट?

रविवारी बसमध्ये मी तीनदा माणसं मोजली. दोनदा चुकले. कुसुम खिडकीशी बसून पोंक, म्हणजे इथला हुरडा, खात होती, ओंजळीतून, एकेक दाणा नाही, चांगला बकाणा भरून. तिचं बरं चाललेलं पाहून मला आणखीच धास्ती वाटली.

मॉलच्या दाराशी पिशव्या तपासणाऱ्या बाईनं मालतीबाईंचा चिवड्याचा डबा धरला. "बा, बहारनुं नहीं चाले."

"औषध आहे," मालतीबाई मराठीत म्हणाल्या.

"आटलुं बधुं?" एवढं सगळं औषध, म्हणून ती हसली, डबा ठेवून घेतला. सरकत्या जिन्यावर निम्म्या जणी देवाचं नाव घेऊन चढल्या. आत गारठा असा की साऱ्यांनी शाली काढल्या. अंधारात ओळीनं बसलेल्या आम्ही शालीतून नाकं काढलेल्या, एखाद्या यात्रेच्या धर्मशाळेत बसल्यासारख्या दिसत असू. मी कुसुमच्या शेजारी होते. खुर्चीच्या हातावर माझा हात होता, तो कधी मांडीवर, कधी पुन्हा हातावर.

सिनेमा सुरू झाला. मला वाटलं होतं तेवढा मला आठवत नव्हता. गाणी लागली की मागच्या रांगेतून हलक्या आवाजात सूर यायचा. नायिका किती लहान होती! आम्हाला तेव्हा ती केवढी मोठी बाई वाटली होती. आता पाहिलं तर ईरापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल. नवरा गेला. मशीन आलं. मुलगी वाढली. माझं लक्ष पडद्यावर आणि कुसुमवर, धड कुठेच नाही. मध्येच मालतीबाई उठल्या, गुडघे धरत, "आलेच गं" म्हणत बाहेर गेल्या.

आणि दार वाजलं.

तुम्हाला खरं वाटणार नाही. माझा पाय आपोआप खुर्चीखाली चप्पल शोधायला लागला. शेजारी बघितलं तर कुसुमचाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती हसली नाही. तिनं पाय मागे घेतले, खुर्चीत वर सरकून बसली आणि शाल नीट केली.

दार पुन्हा वाजलं. नायिकेनं मशीन थांबवलं. तिनं पदरानं कपाळ पुसलं. उठली. कडी काढली. तो दाराशी उभा, दाढी वाढलेली. ती वाकली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. आतून मुलगी धावत आली. खूप व्हायोलिनं वाजली. त्यानं मुलीला उचललं, तिनं डोळे पुसून हसत दिवा लावला, आणि त्या दिव्यावर पडदा अंधारला.

मागे कोणीतरी नाक ओढलं. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागले.

"कुसुम," मी म्हटलं, "त्या काळी सिनेमे असेच काढायचे गं. लोकांना रडवून हसवून घरी पाठवायचं, एवढंच. त्यात काही..."

"गप बस वं मास्तरीणबाई."

तिनं शालीची घडी घातली. ती नीट आली नाही, तर उलगडून पुन्हा घातली. घड्या घालणं खरं तर माझं काम. जिन्यावरून उतरताना तिनं माझा दंड धरला होता. पडायच्या भीतीनं की कशानं, कळलं नाही.

बसमध्ये मालतीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चिवड्याचा डबा परत मिळाल्यामुळे खुशीत. "अगं, बाहेर पडता पडता दार वाजलेलं ऐकलं आणि मी बाहेरच अडकले. परत येताना दुसऱ्याच सिनेमात शिरले, तिथे नुसती मारामारी! सांगा आता, काय झालं शेवटी? दार उघडलं का तिनं?"

ओळीतल्या दोघी-तिघी अजून आहेत मंडळात, त्या बाहेर बघायला लागल्या. बाकीच्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यातली एक तोंड उघडणार तोच कुसुम मागच्या सीटवरून म्हणाली, "नाही उघडलं."

"नाही?"

"नाही. दार वाजत राहिलं. तिनं मशीन सुरू केलं. पोरीचा परकर शिवायचा राहिला होता ना, तो शिवला. दोरा तोडला. तोवर वाजायचं थांबलं होतं."

"बरं केलं बाई," मालतीबाई म्हणाल्या. "आणि तो?"

"गेला."

"कुठे गेला?"

"ते नाही दाखवलं."

मी आयुष्यभर मुलांच्या चुका लाल शाईनं सुधारल्या. त्या बसमध्ये मी पुढच्या सीटच्या दांडीला घट्ट धरून बसले. तोंड उघडणार होती ती बाई एकदा कुसुमकडे, एकदा माझ्याकडे बघून गप्प झाली. मालतीबाईंनी डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातावर चिवडा घालत मागे गेल्या. त्यांचं समाधान झालं होतं. माझं नाही. मला कुसुमचं तोंड दिसत नव्हतं.

उड्डाणपुलावर असताना तिचा फोन वाजला. पुतण्या. ती त्याच्याशी अहिराणीत बोलली, मी तुमच्यासाठी आपल्या मराठीत लिहिते.

"बोल भाऊ. हो, पाहिला सिनेमा. नाही, मी येत नाही. ऐक, रागानं नाही. तुम्ही सगळं नीट करा, लोकांना पोटभर जेवायला घाला. मला यायचं नाही. हो, विचार करूनच सांगते आहे."

पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. समजावत असावा. ती "हो, हो" करत राहिली. मला वाटलं, आता बंद करेल फोन. पण तिनं तो या कानावरून त्या कानावर घेतला.

"आणि ऐक. त्याच्या नावाचं पान वाढाल ना, त्यात गोड ठेवू नका. बायका खीर करतील, करू दे, पण त्याच्या पानात नको. तो गोड खात नव्हता. कळण्याची भाकरी ठेवा आणि भरीत. वांगी काड्यांवर भाजलेली पाहिजेत, गॅसवरची नाही. ती त्याला लगेच कळायची. आणि वरून कच्चं तेल सोडा. थोडं नको. चांगलं सोडा."